सत्त्याहत्तर

“यातलं वेगळं कुठलं ते सांग,” मी म्हणाले आणि स्टॉपवॉचची कळ दाबली.

समोर सतरंजीवर मालन वाघमोडे बसली होती. इयत्ता चौथी. तिच्यापुढे चार चित्रांचं कार्ड होतं. कप, बशी, चमचा आणि छत्री. तिने कार्ड उचललं, मागे काही छापलंय का ते उलटं करून पाहिलं, पुन्हा सरळ केलं आणि शांतपणे म्हणाली, “चमचा.”

कारण विचारायचं नाही, असा चाचणीचा नियम होता. मालनने न विचारताच सांगून टाकलं. “कप-बशी पावणं आल्यावर काढत्यात. छत्री पाऊस आल्यावर काढत्यात. चमचा रोजच लागतोय की.”

मी तिच्या पुस्तिकेत शून्य मांडलं. बरोबर उत्तर छत्री होतं. उत्तरांच्या तक्त्यात तसं छापलेलं होतं आणि त्या तक्त्यापुढे कुणाचंच काही चालत नसे. खरं सांगायचं तर चालवून घ्यायची मला इच्छाही नव्हती. मी तेवीस वर्षांची होते, पुण्याहून कोल्हापूरला एम.एड. करायला आले होते आणि ते स्टॉपवॉच गळ्यात अडकवून हिंडताना आपण जवळजवळ डॉक्टरच झालो आहोत असं मला वाटायचं. शाळेतली मुलंही मला ‘सुई न टोचणाऱ्या बाई’ म्हणायची. तो मान आहे असं समजून मी खूश होते.

ही एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. कुरणवाडी हे कोल्हापूरच्या पूर्वेला चांदीकामावर जगणारं लहानसं गाव. घराघरांत पैंजणांच्या कड्या जोडायचं काम चाले. दोन शिक्षकांची, चौथीपर्यंतची शाळा. आमचे दातार सर बुद्धिमापन शिकवायचे आणि तालुक्याच्या शिक्षण समितीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. समितीने त्यांच्या सल्ल्याने ठरवलं होतं की ज्या मुलांचा बुद्ध्यांक ऐंशीच्या खाली येईल, त्यांना जूनपासून पाचवीत न पाठवता तालुक्याच्या गावी एका वेगळ्या ‘संथ वर्गात’ घालायचं. चाचण्या घ्यायचं काम माझ्याकडे, आणि त्यावरच माझा प्रबंध. एकवीस मुलं, पाच दिवस. आल्या आल्या मी शाळेच्या रजिस्टरवरून सगळ्यांच्या जन्मतारखा उतरवून घेतल्या आणि अर्ध्या तासात वयं काढून मोकळी झाले. हे काम किचकट असतं असं सरांनी बजावलं होतं. मला ते फार सोपं गेलं आणि मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मुक्काम हेडमास्तरांच्या, आदगोंडा मगदूम गुरुजींच्या घरी होता. गुरुजी जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. छप्पन्नाचे, उंच, किंचित वाकलेले. बोलणं कमी. बावीस वर्षं एकाच शाळेत काढलेली. मी रोज संध्याकाळी जेवताना त्यांना बुद्धिमापनाविषयी बरंच ऐकवत असे आणि ते ‘असं व्हय’ म्हणत भाकरी मोडत असत. त्यांना हे सगळं नवीन असणार आणि आपण त्यांच्या ज्ञानात भर घालतो आहोत, अशी माझी समजूत होती.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी चार नावांची यादी त्यांच्या टेबलावर ठेवली. तिसरं नाव मालनचं होतं. त्यापुढे आकडा होता सत्त्याहत्तर. खाली हेडमास्तरांच्या सहीची जागा. सोमवारी यादी समितीकडे जायची होती.

गुरुजींनी चष्मा चढवून यादी वाचली. मग हे आकडे निघतात कसे ते जरा दाखवा म्हणाले. मी उत्साहाने फळ्याकडे गेले. मानसिक वय वर, प्रत्यक्ष वय खाली, गुणिले शंभर. मालनने जेवढे प्रश्न सोडवले तेवढे साधारण आठ वर्षं दोन महिन्यांचं मूल सोडवतं, म्हणजे अठ्ठ्याण्णव महिने. तिचं प्रत्यक्ष वय दहा वर्षं आठ महिने, म्हणजे एकशे अठ्ठावीस महिने. भागाकार केला की सत्त्याहत्तर.

गुरुजी फळ्याकडे बघतच राहिले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा फळ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं नाही असं वाटून मी तेच सगळं सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं पुन्हा सांगितलं. आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

“पहिलीत दोन वर्षं बसलीय ती,” मी शेवटचा पुरावाही पुढे केला. “तुमच्याच रजिस्टरात आहे.”

“बसलीय,” गुरुजी म्हणाले.

“मग सही करताय ना?”

त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. “आकडा तुमचा, सही माझी. मधे पोरगी हाय, बाई. तुम्ही तिच्या घरी जाऊन तिच्या आईला हे सगळं सांगून या. मग बघू.”

मला रागच आला. डॉक्टर काय ताप मोजला की घरी जाऊन आईची परवानगी घेतो? पण सहीशिवाय माझं पुढचं अडत होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी स्टॉपवॉच पिशवीत टाकलं आणि निघाले.

मालनची आई गौराक्का दारातच उजेडाला बसली होती. मांडीवर फडकं, त्यावर चांदीच्या कड्यांची रास, हातात बारीक चिमटा. कडी उघडायची, दुसरीत अडकवायची, दाबायची. मालनचा बाप साखर कारखान्यावर हंगामाला गेला होता. मालन शेजारी विटीदांडू खेळत होती, मला पाहून आत पळाली आणि दाराआडून बघत उभी राहिली. थोरली बहीण शांता शेजारच्या गावी पाचवीत शिकत होती, ती अजून यायची होती. गौराक्काने मला पोतं अंथरलं आणि हातातलं काम न थांबवता, बसा म्हणाली.

मी घसा साफ केला. मालनची परीक्षा घेतली आहे, तिचा आकडा सत्त्याहत्तर आला आहे, असं सांगितलं.

गौराक्काचा चेहरा फुलला. “शंभरातलं सत्त्याहत्तर? मग लई चांगलंच की ओ बाई. शांताला बी कवा पडलं न्हाईत एवढं.” आणि आत वळून म्हणाली, “मालन, बाईंच्या पाया पड.”

मालन बाहेर आली आणि माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. मग तिला खेळायला पाठवून, ती लांब गेल्याची खात्री करून, हे मार्क नव्हेत असं गौराक्काला समजावून सांगायला लागले. शंभर हा मध्य असतो. ऐंशीच्या खाली म्हणजे मूल मागे आहे. त्याला वेगळं शिकवावं लागतं. त्यासाठी तालुक्याला वर्ग निघणार आहे, आणि ते तिच्या भल्याचंच आहे. बोलता बोलता माझा आवाज आपोआप बारीक होत गेला.

चिमटा थांबला. “म्हंजे माझी पोर येडी हाय म्हणता?”

“वेडी नाही हो. वयाच्या मानाने जरा मागे आहे, एवढंच.”

“तालुक्याला कोण सोडणार तिला रोज? शांतासंगं तिच्याच साळंत पाचवीला जाणार हुती, म्हणून धाडायचं ठरलं हुतं. एकली न्हाई जायाची ती तिकडं.” ती रडली नाही, चिडलीही नाही. एक कडी उचलून बोटात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, “ऱ्हाऊ दे. घरात बसंल, कड्या जोडंल. हात हलका हाय तिचा.”

इतक्या सरळपणे तिने मालनची शाळा संपवली. आपली यादी म्हणजे काय आहे, ते तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी तेच पुन्हा म्हणाले, “तिचं वय कमी असतं तर गोष्ट वेगळी होती. पण दहा वर्षं उलटून गेलीत…”

“कुणाला दहा?” गौराक्काने मान वर केली.

“मालनला. दहा वर्षं आठ महिने.”

“काय तर बोलताय बाई. शांतालाच आत्ता दिवाळीत अकरा झाली. भूकंप झाला तवा शांताला सव्वा महिनाबी झाला न्हवता. पहाटं भांडी पडाय लागली तशी पोरीला पदरात घिऊन भाईर आलो आमी. मालन तवा कुठली? अडीच वरसांनी झाली ती. ज्येष्ठातला बेंदूर हुता. मालक बैल रंगवाय गेलं आणि हिकडं ही झाली.”

कोयनेचा भूकंप सदुसष्ट सालच्या डिसेंबरात झाला, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. माझ्या पुस्तिकेत मालनची जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे अडुसष्ट. भूकंपानंतर सहा महिन्यांत. महिन्याभराचं मूल पदरात असलेल्या बाईला सहा महिन्यांनी दुसरं होत नाही, एवढं कळायला एम.एड. लागत नाही. मी बोटांवर मोजलं. सत्तर सालचा ज्येष्ठ. मालन साडेदहा वर्षांची नव्हतीच. ती आठ वर्षं आठ महिन्यांची होती.

मी उठले. गौराक्काला म्हणाले, इतक्यात काही ठरवू नका, माझी काहीतरी चूक झालेली दिसते. मग जवळजवळ पळतच शाळेत आले, कपाट उघडलं आणि एकवीसच्या एकवीस पुस्तिका जमिनीवर पसरल्या. नऊ वर्षं आठ महिने. दहा वर्षं आठ महिने. नऊ वर्षं आठ महिने. अकरा वर्षं आठ महिने. एकविसातली सतरा मुलं एक जूनला जन्मलेली होती. वयं काढताना दर वेळी आठच महिने येतात म्हणून काम भराभर उरकलं होतं, आणि एका गावातली सतरा मुलं एकाच तारखेला कशी जन्मली हा प्रश्न बुद्धिमापनाच्या विद्यार्थिनीला पाच दिवसांत एकदाही पडला नव्हता. त्या क्षणी कुणी माझाच बुद्ध्यांक काढला असता तर मला आवडलं नसतं.

गुरुजी अंगणात जेवणासाठी हातपाय धूत होते. सूर्य अजून वर होता. मी पुस्तिका तशाच कवटाळून त्यांच्यापुढे उभी राहिले आणि विचारलं की एक जून ही तारीख कुणी लिहिली.

“मी,” ते म्हणाले. टॉवेलने तोंड पुसलं आणि पायरीवर बसले. “तुम्ही बी बसा.”

मग त्यांनी सांगितलं. गावात पोर कधी जन्मलं ते सणावरून नाहीतर पिकावरून सांगतात, तारीख कुणाला ठाऊक नसते. शाळा जूनमध्ये सुरू होते. सहा पुरी असल्याशिवाय नाव घालता येत नाही. मग हेडमास्तर पोराकडे बघून अंदाजाने साल ठरवतो आणि तारीख एक जून घालतो. आजूबाजूच्या सगळ्या शाळांत हेच चालतं. मालनच्या वेळी मात्र अंदाजही नव्हता, जाणूनबुजून केलं होतं. त्या साली पट कमी पडत होता. पट आणखी घसरला असता तर दुसरा शिक्षक काढून नेला असता आणि चार वर्ग एकट्या गुरुजींवर पडले असते. आणि शांता शाळेत यायची ती धाकट्या मालनला कडेवर घेऊनच, कारण आई कामात आणि घरी बघायला कुणी नाही. मालनला घालवली असती तर शांताही गेली असती. म्हणून दोघींना बसवून घेतलं. चार वर्षांच्या पोरीला सहा वर्षांची करून टाकलं.

“पहिलीत दोन वर्षं बसली म्हणता, तर पहिलं वर्ष ती माझ्या टेबलाखाली झोपायची,” गुरुजी म्हणाले. “तिला नापास कुणी केली नव्हती. ती अजून शाळेत यायचीच होती.”

“मग काल का नाही सांगितलंत?” माझा आवाज चढला. “मी फळ्यावर सगळं लिहिलं होतं.”

“लिहिलं होतं की. बघताक्षणी कळलं. खालचा आकडा माझ्या हातचा.” “धीर झाला नाही, बाई. सरकारी दप्तरात खोटी तारीख. दोन वर्षं राहिलीत माझी. म्हणून तुम्हाला गौराक्काकडं धाडलं. म्हटलं, तिच्या तोंडून निघालं तर बरं. भित्र्या माणसाची युक्ती ही.”

माझा राग तिथेच विरला. हातात पेन्सिल होतीच. पुस्तिकेच्या मागच्या पानावर मी पुन्हा भागाकार केला. वर अठ्ठ्याण्णव, खाली एकशे अठ्ठावीसऐवजी एकशे चार. चौऱ्याण्णव आले. मी दोनदा ताडून पाहिलं आणि इतका आनंद झाला की पान त्यांच्यापुढे नाचवलं. मालन अगदी सर्वसाधारण आहे, गुरुजी, तिला काही म्हणता काही झालेलं नाही, असं काहीबाही बोलत सुटले.

गुरुजींनी पान हातात घेऊन पाहिलं. त्यांना माझ्याएवढा आनंद झालेला दिसला नाही. ते म्हणाले, “एक विचारू? समजा मी खरी तारीख लिहिली असती. आणि तुमचा आकडा सत्त्याहत्तरच निघाला असता. मग?”

“मग ती यादीत राहिली असती,” मी म्हणाले.

“पण पोरगी तर हीच असती की.”

मी पेन्सिल खाली ठेवली.

“मालनला एकदा सांगून कळत नाही,” गुरुजी सांगू लागले. “भागाकार तिला तीनदा सांगावा लागला. चौथ्या वेळी तिनं शेजारच्या पोरीला शिकवला, आणि माझ्यापेक्षा बरा शिकवला. हे मला काल बी ठाऊक होतं, आज बी आहे. तुमचा आकडा सत्त्याहत्तर आला म्हणून मी दोनदा सांगून थांबणार न्हवतो, आणि चौऱ्याण्णव आला म्हणून एकदाच सांगून भागणार नाही. तिला तीनदाच सांगावं लागणार. बाकी तिघांची नावं आहेत तुमच्या यादीत. त्यातल्या एकाचा दाखला सरकारी दवाखान्यातला, अगदी खरा. त्याला पाचदा सांगावं लागतंय. मी सांगतो. त्याला बी आई आहे, बाई. तिच्याकडं तुम्ही अजून गेला नाही.”

आतून गुरुजींच्या पत्नीने पानं घेतल्याचं सांगितलं. आम्ही दोघंही उठलो नाही. पाच दिवस मी या माणसाला शिकवत होते आणि तो मुकाट्याने ऐकून घेत होता. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

जेवण झाल्यावर गुरुजींनी दौत-टाक काढला आणि शाळेच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं की रजिस्टरातल्या सतरा मुलांच्या जन्मतारखा आपण अंदाजाने लिहिल्या, मालन वाघमोडे हिचं वय पटासाठी दोन वर्षांनी वाढवलं, आणि त्यामुळे या चाचणीतले आकडे धरू नयेत. खाली पूर्ण नाव आणि सही. कागद वाळू दिला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

मी म्हणाले, “हा दिला नाही तरी चालेल. मालनचं नाव मी गुपचूप काढून टाकते.”

“एकीचं काढाल. सोळांचं काय? आणि पुढल्या गावात मोजाल तेव्हा?” ते म्हणाले. “जाऊ दे तो कागद. आता उगाच मला पुन्हा भित्रा करू नका.”

सोमवारी मी तो कागद दातार सरांपुढे ठेवला. सर आधी माझ्यावर उखडले, आणि ते बरोबरच होतं. मग त्यांनी कागद पुन्हा वाचला, आणखी एकदा वाचला, आणि दुसऱ्या दोन शाळांच्या पुस्तिका मागवून घेतल्या. तिथेही आठ महिनेच आठ महिने. सर मोठ्या मनाचे. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः समितीपुढे उभं राहून आपला सल्ला मागे घेतला. संथ वर्ग निघाला नाही. जूनमध्ये कुरणवाडीची एकवीसही मुलं पाचवीत गेली, मालन शांताचा हात धरून गेली. माझा प्रबंध पाण्यात गेला आणि दुसरा लिहिण्यात वर्ष गेलं. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

गुरुजींना मात्र त्या कागदाने सोडलं नाही. चौकशी झाली, ठपका आला आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी त्यांची बदली गगनबावड्याच्या बाजूला, डोंगरातल्या एका शाळेत झाली. त्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले. माफी मागायची होती. त्यांनी मागूच दिली नाही. इथे अकरा पोरं आहेत, एकाचीही तारीख मी लिहिलेली नाही, त्यामुळे झोप चांगली लागते, असं म्हणाले आणि मला जेवायला बसवलं. वाढायला काकू नव्हत्या, त्या गावीच राहिल्या होत्या. भात गुरुजींनीच शिजवला होता, थोडा कच्चा होता. आम्ही दोघांनी तो चवीने खाल्ला.

पुढे पस्तीस वर्षं मी हेच काम केलं. चाचण्या घेतल्या, आकडे काढले, कारण आकड्यांचाही उपयोग असतो. मूल कुठे अडलंय ते कधीकधी त्यावरून कळतं. पण आकडा काढला की मी आईला भेटल्याशिवाय तो कागदावर उतरवला नाही, आणि या मुलाला किती वेळा सांगावं लागतं ते त्याच्या मास्तरांना विचारल्याशिवाय पुढचं एक अक्षर लिहिलं नाही. लोक मला चांगली समुपदेशक म्हणतात. मला जे येतं ते त्या पायरीवर शिकवलं गेलं. गुरुजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांचे उपकार मी रोज मानते, अगदी तोंडाने मोठ्याने म्हणून मानते.

मालन दहावीला पहिल्या वेळी गणितात अडली, दुसऱ्या वेळी सुटली. मग नर्सिंगचा अभ्यासक्रम करून सरकारी उपकेंद्रात लागली आणि तिने आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आयुष्य काढलं. मला ती अधूनमधून पत्र पाठवायची, पुढे फोन करायला लागली. सत्त्याहत्तर किंवा चौऱ्याण्णव यातला एकही आकडा मी तिला सांगितला नाही. तिने विचारलाही नाही.

यंदा एकतीस मे रोजी ती निवृत्त झाली, आणि मला बोलावणं आलं. आरोग्य केंद्राच्या आवारात मांडव होता. त्या एका दिवशी तालुक्यातले नऊ कर्मचारी निवृत्त होत होते. सगळे एक जूनचे. डॉक्टरसाहेबांनी भाषणात मालनताईंनी अठ्ठावन्न वर्षं पूर्ण केली असं सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात दोन वजा केली. ही बाई छप्पन्नाची आहे, हे तिथे बसलेल्या माणसांपैकी तिच्याखेरीज मलाच माहीत होतं. एकोणऐंशी सालीच मी तिचा दाखला दुरुस्त करून घ्यायला हवा होता. गुरुजींच्या चौकशीच्या गडबडीत ते राहिलं, आणि पुढे राहूनच गेलं.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. केस पांढरे, हसू तेच. मांडवात बायकांची रीघ लागली होती. कडेवर पोरं असलेल्या, पोरं मोठी झालेल्या, स्वतः तिच्याच हातावर जन्मलेल्या. एक जण पाया पडून गेली की दुसरी येत होती. मधे जरा उसंत मिळाली तसं मी तिला म्हणाले की तुझी दोन वर्षं सरकारने फुकट नेली, आणि त्यात माझी चूक आहे.

“फुकट कशी?” मालन म्हणाली. “दोन वरसं आणखी मिळाली असती तर मी काय केलं असतं? अजून शंभरेक बाळंतपणं.” तिने मांडवातल्या बायकांकडे पाहिलं. “आणि गुरुजींनी ती दोन वरसं चढवून मला शाळेत घेतलंच नसतं, तर ह्यातलं एकबी झालं नसतं, बाई.”

मी तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून बसले. पुढची बाई नातवाला घेऊन येत होती.